सकाळी निघून संध्याकाळी परत

नंदुरबार जिल्ह्यात मुलांना घेऊन एक दिवस बाहेर पडायचं ठरलं की अडचण जागेची नसते, वेळेची असते. जागा भरपूर आहेत. सातपुडा आहे, तापी आहे, नर्मदा आहे, गरम पाण्याचा झरा आहे, घोड्यांची यात्रा आहे आणि रेल्वेने तीनेक तासांवर समुद्रसुद्धा आहे. पण सकाळी सातला घर सोडून रात्री आठला परतलेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्या तेरा तासांतले किती तास खरोखर मिळाले? किती वेळ त्याचे पाय जमिनीवर होते, किती वेळ तो धावला, भिजला, वाकून काहीतरी उचलून त्याने खिशात घातलं? हा हिशेब घरात कुणी मांडत नाही. काय काय पाहून झालं यावर मोठ्यांची सहल मोजली जाते. मुलांची सहल त्या मापाने मोजली की ती फसते, आणि मग परतीच्या गाडीत रडणाऱ्या पोरालाच बोल लागतो.

आधी जिल्हा कसा आहे ते पाहू. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा निघालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जरा आत, त्यातले सत्तर टक्क्यांच्या जवळपास आदिवासी, आणि दर सहा माणसांमागे पाच खेड्यातली. रविवारी सुट्टी, सकाळी आंघोळ, डबे भरून गाडीत बसायचं आणि संध्याकाळी घरी, ही सहल इथे नोकरदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांपुरतीच आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत उसाच्या तोडीला जातात. बारडोली, मढी, व्यारा या बाजूच्या कारखान्यांच्या फडांवर त्यांचा हिवाळा जातो. मुलंही सोबत असतात. त्यांचा प्रवास होतो, पण सहल होत नाही. ही कुटुंबं गावी परततात ती होळीच्या ओढीने. त्यामुळे जिल्ह्यातल्या मुलांच्या एका मोठ्या वर्गासाठी आई-बाप दोघांबरोबर, हातात थोडे पैसे आणि अंगावर नवे कपडे असलेला वर्षातला दिवस एकच, भोंगऱ्या बाजाराचा.

म्हणून या आढाव्यात पहिला मान भोंगऱ्याचा. होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगाव, मोलगी अशा ठिकाणचा नेहमीचा आठवडे बाजार भोंगऱ्या होतो. ढोल येतात, बासऱ्या येतात, बायकांच्या अंगावर ठेवणीतली चांदी येते. बाप पोराला खांद्यावर बसवून गर्दीतून वाट काढतो. पोराच्या एका हातात बापाचे केस आणि दुसऱ्या हातात कागदाच्या पुडीतली गोडी शेव. गुळाच्या पाकात घोळलेली ही शेव हाताला चिकटते, केसांना चिकटते, आणि आई ती पदराने पुसत पुसत बांगड्यांचा भाव करत असते. पुढे डाळ्या-मुरमुऱ्यांचे ढीग, मग साखरेचे हार-कंगन, मग फुगेवाला. दुपारी ऊन चढलं की दुकानाच्या ताडपत्रीखाली दोन-चार लहानगी झोपलेली दिसतात; कुणाची कुठली हे दुकानदाराला विचारावं लागत नाही, त्याचं लक्ष असतंच.

माझ्या मापाने भोंगऱ्याला पैकीच्या पैकी गुण. मूल पूर्ण दिवस जमिनीवर किंवा बापाच्या खांद्यावर, चहूबाजूंनी ओळखीची माणसं, आणि बाजार त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडलेला. होळीला काठीची राजवाडी होळी तर याहून पुढची. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावी रात्रभर ढोलांवर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप अशा वेषात नवस फेडणारे बावा-बुध्या रिंगणात नाचतात. त्यांच्यात दहा-बारा वर्षांची पोरंही असतात. तिथे मूल बघ्या नसतं. त्याने व्रत पाळलेलं असतं, त्याचा वेष असतो, त्याचं काम असतं. शहरातल्या कुठल्याही बागेतल्या घसरगुंडीला हे देता येत नाही.

काळजी आहे ती जाण्या-येण्याची. डोंगरातल्या रस्त्यावर जीप आणि पिकअप टपापर्यंत भरलेल्या, मागच्या फळीवर पोरं उभी, आणि एकामागून एक वळणं. या दिवसांत एसटीने धडगाव आणि मोलगीसाठी जादा गाड्या नुसत्या कागदावर न ठेवता खेड्यांपर्यंत सोडल्या, तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी याहून स्वस्त उपाय नाही.

दुसरी मोठी जागा सारंगखेडा. शहादा तालुक्यात तापीच्या काठावर एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. अलीकडे त्याला चेतक फेस्टिव्हलचं नाव, शर्यती आणि मांडव लाभले आहेत, पण मुलांसाठी खरी मौज अजूनही बाजारातच आहे. खुंटाला बांधलेल्या घोड्यांच्या रांगांतून सकाळी फिरावं. थंडी असते, घोड्यांच्या नाकातून वाफ निघत असते, चंदीचा वास असतो. गिऱ्हाईक येतं, व्यापारी घोड्याचा खालचा ओठ दोन बोटांनी खाली ओढून दात दाखवतो, म्हणजे वय कळतं. मग अंगावरचे भोवरे पाहिले जातात, शुभ कुठला, अशुभ कुठला यावर दोघांची हुज्जत होते. चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी कुठे आहे, हे शोधायचं काम मुलांना द्यावं; तास-दीड तास कसा जातो कळत नाही. आठ वर्षांच्या मुलाला इथे जे कळतं ते पुस्तकातल्या घोड्याच्या चित्रातून कळत नाही. घोडा किती उंच असतो, किती गरम असतो, आणि मागच्या पायांजवळ का जायचं नाही.

यात्रेत जायचं तर दत्तजयंतीचा दिवस टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी गर्दी दर्शनाची असते, लहान मुलांच्या वाट्याला फक्त मोठ्यांच्या पाठी येतात. पुढच्या दिवसांत, आडवार बघून, सकाळी नऊच्या आत पोहोचावं आणि पाळणे सुरू होईपर्यंत घोडे पाहून घ्यावेत. दुपारचं जेवण बरोबर न्यायचं असेल तर खानदेशात वरण-बट्टीला तोड नाही. बट्टी सकाळी तळून नेली की दुपारपर्यंत मऊ राहते, वरण डब्यात, घोटलेली वांग्याची भाजी वेगळ्या डब्यात, आणि मुलांसाठी बट्टी कुस्करून त्यावर तूप-गूळ. आपल्याकडे बांधावर, शेतात, नदीकाठी जेवायला बसायची जुनी सवय आहे, ती या कामी येते.

सारंगखेड्याइतकंच जवळचं, पण वर्षभर उघडं असलेलं ठिकाण म्हणजे प्रकाशा. नंदुरबार-शहादा रस्त्यावरच आहे, एसटीला तोटा नाही. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वर आणि संगमेश्वराची देवळं, दक्षिण काशी म्हणून ख्याती, आणि गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ. मोठ्यांना एवढं पुरतं. पण मुलांना सांगण्यासारखी प्रकाशाची गोष्ट याहून जुनी आहे. १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी इथलं पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. रंगवलेल्या खापरांचे तुकडे, मणी, घरांच्या जमिनी. म्हणजे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी याच काठावर आया पोरांना पाण्याजवळ जाऊ नका म्हणून ओरडत होत्या. गावात ही गोष्ट मुलांच्या भाषेत सांगणारा मोठा, चित्रांचा फलक हवा. चौथीच्या इतिहासाला याहून जिवंत धडा जिल्ह्यात दुसरा नाही.

आणि पाण्याजवळ जाऊ नका, हे आजही ओरडावं लागतं. प्रकाशा आणि सारंगखेड्याला तापीवर बॅरेज झाल्यापासून नदीचं रूप बदललं. पूर्वी हिवाळ्या-उन्हाळ्यात पात्र रोडावायचं, वाळू उघडी पडायची, मुलं गुडघाभर पाण्यात तासन्‌तास खेळायची. आता बॅरेजच्या वर पाणी तुंबून खोल आणि स्थिर राहतं. काठ दिसायला शांत, पण पाय टाकला की एकदम खोल आणि खाली गाळ. दारं उघडली की खालच्या अंगाला पाणी भराभर चढतं. नंदुरबारकरांच्या जवळच्या विरचक धरणाच्या काठाचंही तेच. शेतीला आणि पिण्याला पाणी मिळालं याचं मोल मोठंच आहे, पण त्या बदल्यात मुलांचं उथळ पाणी गेलं, आणि त्याची भरपाई कुणी केली नाही. ती करता येते. घाटाच्या एका बाजूला कठडा आणि साखळ्या लावून, पायाखाली फरशी घालून, दोन फुटांपेक्षा जास्त पाणी होणार नाही असा बंदिस्त हौद बांधला तर भाविकांच्या मुलांना आणि सहलीला आलेल्या शाळांना हक्काने भिजायची जागा होईल. घाट बांधायला पैसा येतो, सभामंडपाला येतो. पोरांच्या हौदाला फार लागणार नाही.

खुद्द नंदुरबार शहरात मुलांना कुठे न्यावं? लोक पटकन म्हणतात, इथे काय आहे. मला हे पटत नाही. माणिक चौकात शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शाह असे पाच जण गेले. शिरीषकुमार १९२६ च्या डिसेंबरात जन्मलेला, म्हणजे त्या दिवशी त्याला सोळावं पुरं झालेलं नव्हतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन इथे उभं राहिलं की पहिला प्रश्न वयाचाच येतो: तो माझ्यापेक्षा कितीने मोठा होता? या प्रश्नासाठी अर्धा तास द्यावा, घाई करू नये. मात्र स्मारक भर बाजारात, वाहनांच्या वर्दळीत आहे. बसून मुलांशी बोलायला एखादा ओटा, एखादी सावली तिथे वाढवली पाहिजे.

शहराबाहेर पडलं की हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या. नंदुरबार मिरचीचं मोठं मार्केट. माल आला की मोकळ्या जागेवर एकरभर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि बाया ओळीने बसून देठ खुडत असतात. लहान मुलांना लांबूनच दाखवावी, वारा असेल तर मुळीच थांबू नये, डोळे चुरचुरतात. पण जेवणातली चिमूटभर तिखटपूड कुठून येते आणि ती खुडणाऱ्यांची बोटं संध्याकाळी कशी होतात, हे शहरातल्या मुलाने एकदा पाहावं. गणपतीच्या दिवसांत दादा आणि बाबा हे काळ्या मातीचे मानाचे गणपती आणि त्यांचे ओढायचे लाकडी रथ आहेतच. दंडपाणेश्वर मंदिराचा परिसर संध्याकाळी दोन तास घालवायला चांगला. सहलीला पूर्ण दिवसच लागतो असं कुणी ठरवलं? तीन वर्षांच्या मुलासाठी घरापासून पंधरा मिनिटांवरचे दोन तास हे शंभर किलोमीटरवरच्या दिवसापेक्षा मोठे असतात.

तोरणमाळबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण जिल्ह्याचं थंड हवेचं ठिकाण म्हणून पाहुणे आले की पहिलं नाव त्याचंच निघतं. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत पन्नासेक किलोमीटर, शेवटी सातपायरीचा घाट, आणि वर सुमारे अकराशे चाळीस मीटर उंचीवरचं पठार. यशवंत तलाव, कमळ तलाव, गोरक्षनाथाचं मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुंफा, सीताखाई, खडकी पॉइंट. पावसाळ्यात सीताखाईत धुकं भरलेलं असतं, मधेच फाटतं आणि समोरचा कडा दिसतो. मोठी माणसं तिथून हलत नाहीत. पण लहान मुलांच्या मापाने मोजलं तर नंदुरबारहून जाण्या-येण्यात पाच-सहा तास सहज जातात. घाटातल्या वळणांनी अनेक मुलांना उलट्या होतात. वर पोहोचेपर्यंत बारा, जेवण होईपर्यंत दोन, आणि घाट अंधारात उतरायला नको म्हणून चारला परत. हातात दोन तास, त्यातला निम्मा वेळ कड्यापासून मागे ओढण्यात. सहा वर्षांखालच्या मुलांना घेऊन तोरणमाळला एका दिवसात जाऊ नये. मुक्काम करावा. मुक्काम केला तर तोरणमाळसारखी जागा नाही. सकाळी तलावाकाठचं फिरणं, थंडीत शेकोटी, आणि दिवाळीच्या सुमाराला रस्त्याकडेला टोपल्यांतून बसणारं सातपुड्याचं सीताफळ. एका सीताफळात किती बिया, हा खेळ मुलांना तासभर पुरतो आणि तोंडही बंद राहतं. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाची यात्रा मोठी असते. तेव्हा लहान मुलांना घेऊन न जाणं चांगलं.

शहाद्याच्याच बाजूला, दरा गावाजवळ उनपदेव आहे. जमिनीतून येणारं गरम पाणी हाताला लागलं की मुलं दचकतात आणि पुन्हा पुन्हा हात घालतात. हे पाणी गरम का, कुणी तापवलं, खाली विस्तव आहे का, प्रश्नांची रांग लागते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी इथे दोन तास आणि परतताना शहाद्याला जेवण, असा अर्धा दिवस फार छान बसतो. अस्तंभ्याची गोष्ट वेगळी. तेराशे पंचवीस मीटरचा तो डोंगर, धनत्रयोदशीच्या सुमाराला तळोद्याकडून निघणारी अश्वत्थाम्याची यात्रा, रात्रीची चढाई; ती तरण्या पोरांची आहे. लहानांनी पायथ्याकडूनच पाहावी.

आता पश्चिमेकडे. नंदुरबारहून सुरतेकडे जाणारी गाडी खांडबारा, चिंचपाडा करत नवापूरला येते, आणि नवापूरचं स्टेशन ही मुलांसाठी स्वतंत्र सहल आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा हद्दीची रेघ या स्टेशनातून गेली. आठशे मीटरच्या लांबीतले तीनशे महाराष्ट्रात, पाचशे गुजरातेत. तिकिटाची खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तर पलीकडे. एका बाकावर हद्दीची खूण आहे. बसणाऱ्यांतला एक महाराष्ट्रात, एक गुजरातेत. भावंडांना त्या बाकावर बसवून कोण कुठल्या राज्यात हे विचारलं की दोघं दहा वेळा जागा बदलतात. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत होतात. पैसा जवळजवळ लागत नाही, आणि नकाशातली रेघ म्हणजे काय हे आयुष्यभरासाठी कळतं.

त्याच गाडीने पुढे उकाई-सोनगड, व्यारा, बारडोली, उधना. सुरतेत आपली खानदेशी माणसं इतकी आहेत की लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांत अहिराणी सर्रास ऐकू येते. प्रत्येक घरी कुणीतरी मामा, मावशी, चुलता तिकडे गिरणीत किंवा हिऱ्याच्या कारखान्यात. म्हणून नंदुरबारच्या मुलाने पाहिलेला पहिला समुद्र बहुतेक वेळा मुंबईचा नसतो, सुरतेच्या कडेला असलेल्या डुमसचा असतो. डुमसची वाळू काळी. पाणी गढूळ. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की सिनेमातल्या लाटा मनात धरून आलेली मुलं चिखलाकडे बघत राहतात. आत उतरायला तर धोक्याचंच आहे, काठावर तशा सूचनाही असतात. तरी डुमस मला आवडतं. उंट आहेत, घोडे आहेत, भाजलेली कणसं आहेत, टोमॅटोची भजी आहेत, थंडीत सुरतेत पोंक मिळतो. ओल्या वाळूत बोट रुतवलं की खड्ड्यात पाणी येतं, एवढ्यावर मूल दीड तास बसतं. भरती-ओहोटीची वेळ मोबाईलवर आधी बघून जावं, म्हणजे समुद्र दिसतो. सकाळी जाऊन रात्री परत मात्र करू नये. गाडीचे जाऊन-येऊन सहा-सात तास आणि स्टेशनपासून डुमसचे तास-तास धरले तर हाती काही राहत नाही. एक रात्र मामाकडे काढावी. दुसऱ्या दिवशी पालमधलं मत्स्यालय किंवा सायन्स सेंटर होतं, आणि शिवाय मामाची पोरंही भेटतात.

खर्चाचंही बोलू. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं तिकीट. म्हणजे आई, बाप आणि आठ-दहा वर्षांची दोन मुलं अडीच तिकिटांत प्रकाशा, सारंगखेडा, शहादा करून येतात. घरातल्या बाईने स्वतःहून "चला, जाऊन येऊ" म्हणण्याचं प्रमाण या सवलतीने वाढलंय, हे मी आमच्या गल्लीत पाहते आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती. गुजरातेतलं अंतर पूर्ण पैशांनी. त्यामुळे सापुतारा आणि केवडिया ही ठिकाणं नकाशावर जवळ असली तरी खिशाला लांब पडतात.

केवडियाचा ओढा आता प्रचंड आहे. अक्कलकुव्याहून सागबारा, डेडियापाडा, राजपीपळा या रस्त्याने शाळांच्या बसच्या बस जातात. ३१ ऑक्टोबर २०१८ ला खुला झालेला एकशे ब्याऐंशी मीटरचा पुतळा, मुलांच्या पोषण पार्कमधली छोटी रेल्वे, प्राण्यांची सफारी. सोमवारी बंद असतं, हे न पाहता निघालेली कुटुंबं दारातून परत येतात. तिथे स्वच्छतागृह आहे, सावली आहे, प्यायचं पाणी आहे, बाळाला घेऊन बसायला जागा आहे. आमच्या जिल्ह्यातल्या एका गर्दीच्या ठिकाणी माझ्या धाकटीला झाडामागे न्यावं लागलं, तेव्हा या गोष्टीची किंमत कळली. आया सहलीला जाताना पाणी कमी पितात आणि मुलींनाही कमी प्यायला सांगतात. उन्हाच्या जिल्ह्यात हे किती वाईट आहे ते डॉक्टरांना विचारावं.

पण केवडियाला जाऊन आलेल्या मुलांना तिथल्या नर्मदेच्या पाण्याचा दुसरा काठ आपल्याच जिल्ह्यात आहे हेही सांगायला हवं. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली तेहतीस गावं बाधित झाली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली. मणिबेलीपासून वर नर्मदेकाठी राहिलेल्या पाड्यांवरची मुलं आजही बोटीने येतात-जातात, दवाखाना त्यांच्याकडे बोटीतून येतो. नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांचा बालमेळा दरवर्षी भरतो. वेगवेगळ्या पाड्यांवरची मुलं एकत्र येतात, धावतात, तिरंदाजी करतात, गातात. मुलांसाठी, मुलांच्या नावाने भरणारा या भागातला हा मेळा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याच पाण्यावर २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भूषा इथे बोट उलटली. सणाचं स्नान करायला, नदीची पूजा करायला निघालेली कुटुंबं होती, पन्नासहून जास्त माणसं एका बोटीत. जीव गेले, त्यांत लहान मुलं होती. तो त्या घरांचा मुलांना घेऊन बाहेर पडण्याचा दिवस होता. तेव्हापासून संक्रांत आली की मला एकच विचारावंसं वाटतं: या वर्षी बोटींवर लाइफ जॅकेट आहेत का, आणि त्यांत लहान मापाची किती? मोठ्या मापाचं जॅकेट चार वर्षांच्या मुलाच्या अंगातून वर निसटतं आणि मूल खाली जातं. बोटीत माणसं मोजून घेणारा एक जण आणि मुलांच्या मापाची जॅकेटं, एवढी सोय सणाच्या आधी व्हायला हवी, दरवर्षी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात खेळण्याचा आणि विरंगुळ्याचा हक्क लिहिलेला आहे, भारताने १९९२ मध्ये तो स्वीकारला. हा हक्क बागेतल्या झोपाळ्याएवढाच नदीच्या काठालाही लागू आहे.

उलट्या दिशेच्या प्रवासाबद्दल कुणी लिहीत नाही, ते लिहिते. मे महिन्यात आणि दिवाळीत सुरतेची खानदेशी मुलं इकडे येतात. त्यांच्या घरापासून समुद्र तासाभरावर, पण उधन्याच्या दोन खोल्यांतून आणि लूमच्या आवाजातून बाहेर पडायला आई-बापांना सवड कुठे असते? ती मुलं नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या खेड्यांत येऊन सकाळी सहाला घराबाहेर पडतात. विहिरीवरच्या हौदात डुंबतात, कैऱ्या पाडतात. धडगावकडे तर उन्हाळ्यात दारोदार आमचूर वाळत पडलेलं असतं, येता-जाता त्याच्या फोडी तोंडात टाकायला कुणी अडवत नाही. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, म्हणून अकरा ते पाच घरात, आणि ऊन उतरलं की पुन्हा बाहेर. कुठे जायचं हे कुणी ठरवत नाही, कुणी गाडी काढत नाही. माझ्या मापाने त्यांचे रोजचे सात-आठ तास जमिनीवर जातात. परतीच्या दिवशी आजी त्यांच्या पिशवीत आमचूर आणि लाल तिखटाची पुडी भरते. मामा त्यांना स्टेशनवर सोडायला जातो, आणि नवापूरच्या बाकावर उतरायला मिळेल का, हे विचारून पोरं त्याला भंडावून सोडतात. गाडी तिथे फार वेळ थांबत नाही. ज्यांना ते पाहायचं आहे त्यांनी नंदुरबारहून सकाळची पॅसेंजर धरून नवापूरला उतरावं, दोन तास स्टेशनवर आणि रंगावलीच्या काठच्या गावात काढावेत, आणि पुढची गाडी पकडावी. अनारक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धंच तिकीट पडतं.